दोरीवर वाळणारे हातमोजे

माझ्या साखरेच्या बरणीच्या झाकणाची मूठ उज्वला मरगळेने चिकटवून दिली, त्याला आता दोन वर्षं होतील. बरणी माझ्या लग्नातली, झाकण काचेचं आणि मूठही काचेची. ती माझ्याच हातून ओट्यावर आपटली. मी तुकडा केरात टाकणार, एवढ्यात उज्वला म्हणाली, "टाकू नका काकू. आमच्या कंपनीतला गम आनते."

दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटलीत तळाशी थोडासा मधासारखा पदार्थ घेऊन ती आली. काडीने एक थेंब लावला, मूठ बसवली आणि झाकण घेऊन व्हरांड्यातल्या उन्हात जाऊन उभी राहिली. मनातल्या मनात काही आकडे मोजले आणि झाकण मूठ धरून माझ्यासमोर लटकतं ठेवलं. मूठ पक्की बसली होती. "सावलीत वरीसभर पातळ ऱ्हातंय, अन् ऊन दिसलं की दगड," ती म्हणाली. बोटावर ओघळलेला गम तिने तसाच उन्हात धरला आणि वाळल्यावर पापुद्र्यासारखा सोलून काढला. त्या दिवशी मी रोजनिशीत लिहिलं आहे: "उज्वलाने मूठ जोडून दिली. विज्ञानाची कमाल." ते वाक्य आता वाचवत नाही.

उज्वला बेचाळीस वर्षांची आहे. कासार आंबोलीच्या वरच्या अंगाला, चढावर, मरगळ्यांची सात-आठ घरं आहेत, तिथे ती राहते. सासू साळूबाई अजून शेरडं वळते. नवरा मिळेल त्या बांधकामावर जातो. उज्वला सकाळी साडेसहाला माझ्याकडे येते, दोन भाकऱ्या आणि एक भाजी करते, माझ्याबरोबर उभ्यानेच चहा घेते आणि आठ वाजता फाट्यावर कंपनीच्या टेम्पोत बसते. मी एकटी, माझं जेवण ते केवढं. पण सासरे वारल्यापासून हे घर मी सोडलं नाही आणि ती आल्यापासून तिने मला सोडलं नाही.

कंपनी म्हणजे टेकडीआडची एक पत्र्याची शेड. हवेचा दाब दाखवणारी, घड्याळासारखी गोल यंत्रं तिथे तयार होतात. त्यांना गेज म्हणतात. उज्वलाच्या रांगेत नऊ बायका. धातूच्या कड्यावर गमाची बारीक रेघ ओढायची, काच बसवायची आणि जांभळट निळ्या दिव्याखाली सरकवायची. त्या प्रकाशात गम काही क्षणांत घट्ट होतो. माझ्या व्हरांड्यातल्या उन्हाचंच ते काम, फक्त दिवा जास्त तीव्र. दिव्याला गडद रंगाची झडप होती. काम भराभर व्हावं म्हणून ती कुणीतरी काढून ठेवली होती. "सुरुवातीला डोळं चुरचुरायचं," ती मला सांगत असे, "मग सवय झाली."

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कंपनीने तिला एक प्रमाणपत्र दिलं. सोनेरी काठाचा कागद, त्यावर तिचं नाव, खाली कारण: हातमोज्यांची बचत. आठवड्याला एकीला एक जोडी, असा सुपरवायझर मनीषचा नियम होता. मनीष तिशीचा, वागायला गोड, सगळ्यांना मावशी म्हणणारा. पातळ पांढरे मोजे ते, एकदा वापरून टाकायचे. ते दुपारपर्यंत चिकट होत. मग आठवडा काढायचा कसा? उज्वलाने युक्ती काढली. सुट्टी झाली की नऊ जणींचे मोजे बादलीत घालून साबणाने धुवायचे, उलटे करायचे, दोरीवर वाळत घालायचे. आज आतली बाजू बाहेर, उद्या बाहेरची आत. पिठाची पिशवी आपण उलटी करून झटकतो, शेळीचं दावं दोन्ही टोकांनी वापरतो, तशीच ही रीत. तिच्या रांगेला एक खोका तीन महिने पुरू लागला.

"उन्हात टाकलं की वरचा चिकटपणा जातोय," तिने मला समजावलं. "फकस्त बोटाची टोकं आतून जरा वली ऱ्हात्यात. थोडी पिठी टाकली की हात सरकन जातोय."

पिठी कुणी दिली? रोजनिशीत आहे. "उज्वलाला प्रमाणपत्र. मोज्यांसाठी तांदळाची पिठी वाटीभर दिली." माझं अक्षर, माझी शाई.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तिच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आलं. मी लिहिलं: "खोबरेल दिलं." डिसेंबरात बोटांची टोकं लाल आणि चकचकीत झाली. मी लिहिलं: "थंडी फार." संक्रांतीला तिने तीळ कुटताना हात झटकून घेतला, तेव्हा टोकांना उभ्या भेगा पडलेल्या मी पाहिल्या. मनगटाला, बांगड्या असतात तिथे, पुरळाचं एक पूर्ण कडं उठलं होतं. मोजा मनगटाशी संपतो; गम तिथून बांगड्यांत शिरतो आणि दिवसभर तिथेच राहतो. हिरव्या बांगड्या काढायला ती तयार नव्हती, आणि त्या काढा, असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

साळूबाईचं मत वेगळं होतं. "गम लागून हात जात्यात व्हय?" ती एकदा माझ्या पायरीवर बसून म्हणाली. "रुईचा चीक लागून माझं कवाच झडलं असतं. ह्या पोरींची कातडीच कागदाची."

"आत्याबाई, तुमी दोन दिस बसा माझ्या जागी," उज्वला म्हणाली.

"बसते की. पन माझी शेरडं काय काच चिकटवत्यात का?"

हसलो आम्ही. हसताना उज्वलाने चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरला होता. बोटं कपाला टेकवता येत नव्हती.

लहानपणी आमच्या शाळेत प्रार्थनेआधी सिस्टर रांगेतून फिरत. आम्ही हात पुढे करायचे, आधी पालथे, मग उताणे. नख वाढलेलं असलं तर घरी चिठ्ठी जायची. त्या शिस्तीचा मला राग यायचा. आता वाटतं, त्या शेडमध्ये नऊ बायकांचे हात, पुरळ उठल्यावरही, चौदा महिने कुणी उताणे करून पाहिले नाहीत. जिथे काम हातांचं, तिथे हात सोडून सगळ्याची मोजणी होती. गेजची होती, मोज्यांची होती, चहाला किती मिनिटं गेली याचीही होती.

शेवटी पाहिले, आणि कसे पाहिले तेही ऐका. यंदाच्या जानेवारीत कंपनीने आरोग्य शिबिर घेतलं. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच उज्वलाच्या हातांकडे नजर टाकली आणि लिहिलं: घरकामामुळे झालेला इसब, साबण, पीठ, मिरची टाळावी. उज्वला दहा वर्षांची असल्यापासून भाकऱ्या थापते आहे. बत्तीस वर्षं पिठाने काही केलं नाही, आणि गमाच्या रांगेत बसल्यावर दीड वर्षात पिठाने हात फोडले, हे त्या कागदाचं म्हणणं. तो कागद मी तीनदा वाचला.

मी तिला पुण्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तिच्या पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या टिकल्या लावून पट्ट्या चिकटवल्या गेल्या. दोन दिवसांनी त्या काढल्या, पुन्हा दोन दिवसांनी पाठ पाहिली. पीठ, साबण यांच्या जागा कोऱ्या होत्या. गमात असतात त्या अॅक्रिलेट नावाच्या रसायनांच्या जागी मात्र लाल, फुगलेले चौकोन. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "हा पातळ असतो तोवर त्रास देतो. पूर्ण घट्ट झाला की सहसा नाही. पण ह्यांच्या अंगाने आता तो ओळखून ठेवलाय. भेगा भरतील, ओळख जाणार नाही. पुन्हा थेंबभर लागला तरी हे सगळं परत येईल."

"म्हंजी किती दिस लांब ऱ्हायाचं?" उज्वलाने विचारलं.

"कायमचं धरून चाला."

परतीच्या एसटीत भूगाव येईपर्यंत तिने दोन्ही हात पदराखाली ठेवले. मग म्हणाली, "म्हंजी माजी खुर्ची गेली."

दुसऱ्याच दिवशी मनीषने तिचा प्रश्न सोडवून टाकला. "मावशी, तुम्ही आराम करा. आरोहीला पाठवा ना तुमच्या जागी. बारावी झालीये, नजर शार्प आहे, पोरीचे हात नाजूक. चार मार्चला सेफ्टी डेचा कार्यक्रम आहे, घेऊन या तिला, तिची खुर्ची दाखवतो. पाच तारखेपासून ती जॉइन, तोवर तुम्हीच सांभाळा."

आरोही तिची मुलगी, एकोणीस वर्षांची. उज्वलाला हे बरंच वाटलं. खुर्ची घरातच राहत होती. मला मात्र रात्रभर, नाही, खरं सांगायचं तर आठवडाभर, दुसरं काही सुचलं नाही. मी तिला म्हटलं, "त्या गमाबरोबर एखादा छापील कागद येतो का ग? कसा वापरायचा, त्याचा?"

"हाय की. हापिसाच्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय. विंग्रजीत. साहेब लोक आले की दार उघडं ठिवत्यात."

दुसऱ्या दिवशी तिने मोबाइलवर त्याचे फोटो आणले. सहा पानं. गम बनवणाऱ्यांनी लिहिलेलं सुरक्षा-पत्रक. मी चष्मा पुसून ते आधी स्वतःशी वाचलं, मग तिला मराठीत वाचून दाखवलं. वाचता वाचता माझा आवाज चढत गेला, हे मला तिनेच नंतर सांगितलं.

सगळं त्यात होतं. एक गोष्ट सुटली नव्हती. पातळ साधे मोजे चालणार नाहीत, हा गम त्यांतून काही मिनिटांत झिरपतो. नायट्राइल नावाच्या कृत्रिम रबराचे जाड मोजे घाला. मोज्याला गम लागला की तो काढून फेकून द्या. पुन्हा वापरू नका. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. कातडीवरचा गम थिनरने पुसू नका, त्याने तो आणखी आत जातो. साबणाने आणि पाण्याने धुवा. कातडीवर तो दिव्याखाली किंवा उन्हात वाळवू नका, भाजेल. दिव्याची झडप काढू नका, उजेडाकडे पाहू नका. ज्याला एकदा याची अॅलर्जी झाली, त्याला या कामावर ठेवू नका.

"थिनरचा डबा तर मनीषनंच दिलाय," उज्वला म्हणाली. "जेवाया जायच्या आदी हात त्येनंच पुसतुया आमी."

"आणि फेकून द्या, हे वाक्य तीन ठिकाणी आहे," मी म्हटलं.

तिने मोबाइल हातात घेऊन एकेक पान सरकवलं. इंग्रजी तिला वाचता येत नाही, तरी बघत राहिली. "म्हंजी ह्येनला ठाव हुतं," ती म्हणाली. "अन् मला बक्षीस दिलं."

या देशात कागद नाहीत असं कुणी म्हणू नये. कागद भरपूर आहेत, चांगले आहेत, खरे आहेत. ते कपाटाच्या दाराला आतून लावलेले असतात, आणि जिचे हात त्यात बुडायचे असतात तिच्या भाषेत ते नसतात.

तरीही आरोहीला पाठवायचं नाही, असं उज्वला म्हणाली नव्हती. "तिला चांगलं मोजं घेऊन दीन," एवढंच म्हणाली. भाकरी तिच्या घरातली, मी सांगणारी कोण?

मार्चच्या दोन तारखेला, रविवारी, मी चढ चढून तिच्याकडे गेले, मराठीत उतरवलेला कागद द्यायला. अलीकडे मोजे कंपनीच्या मागच्या भिंतीला वाळवायचे नाहीत, पाहुण्यांना दिसतात, असं मनीषने सांगितलं होतं. म्हणून उज्वला ते घरी आणून धूत असे. आणि हात पाण्यात घालवेनात म्हणून आता आरोही धूत होती. शेळ्यांच्या वाड्यापासून शेवग्यापर्यंत दोरी, दोरीला कपड्यांचे चिमटे आणि चिमट्यांना मोजे, लहान मुलांनी हात वर केल्यासारखे. साळूबाई काठी घेऊन एका करडाला त्यांच्यापासून हाकत होती. आरोही बादलीजवळ उकिडवी बसली होती. उलटं करताना मोज्याची बोटं आत अडकतात. ती बाहेर यावीत म्हणून तिने एक मोजा तोंडाशी नेला आणि फुगा फुगवावा तशी त्यात फुंकर मारली. पाच बोटं टणकन बाहेर आली. ती माझ्याकडे बघून हसली आणि दुसरा उचलला.

उज्वला चुलीपाशी उभी होती. तिने ते पाहिलं. ती पुढे झाली, लेकीच्या हातातला मोजा काढून घेतला आणि म्हणाली, "ऊठ. साबणानं हात धू. तोंड धू. पुन्ना धू."

"काय झालं आई?"

"धू म्हनते ना."

मी कागद तिच्या हातात ठेवला आणि उतरले.

चार मार्चला जे झालं ते मला दोघींनी सांगितलं. आरोही सांगत होती, उज्वला दुरुस्त करत होती. शेडमध्ये मांडव, दारात रांगोळी, भिंतीवर "सुरक्षा प्रथम". गेज विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीकडून सुलक्षणा नावाच्या तपासणी अधिकारी आल्या होत्या. सगळ्यांनी उजवा हात पुढे करून शपथ घेतली. मालकांचं भाषण झालं. मग मनीषने माइकवर पुकारलं की हातमोज्यांच्या सर्वांत जास्त बचतीचं बक्षीस यंदाही उज्वलामावशींच्या रांगेला.

उज्वला उठली. खुर्चीखालून तिने किराणा दुकानातली मोठी पिशवी काढली, पुढे गेली आणि पिशवीतून दोरी ओढायला लागली. दोरीबरोबर चिमटे आले, चिमट्यांबरोबर मोजे. सोळा-सतरा मोजे तिने पाहुण्यांच्या टेबलावर, हारांच्या शेजारी, ओळीने मांडले.

"मावशी, हे काय? हे आत कशाला आणलं?" मनीष माइक बाजूला न करता म्हणाला, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"बक्षीस ह्येचंच हाय ना? मग बघू द्या की म्याडमना."

सुलक्षणा मॅडमनी एका मोज्याकडे हात नेला.

"हात लावू नका," उज्वला म्हणाली. "आत वलं हाय."

मॅडमनी हात मागे घेतला. मग नवे निळे मोजे मागवले. साहेब लोकांसाठी कपाटात एक खोका होता, तो लगेच मिळाला. ते घालून त्यांनी त्या धुतलेल्या मोज्याचं एक बोट उलटं केलं. टोकातून कोळ्याच्या धाग्यासारखी चिकट तार निघाली. त्यांनी नऊ जणींना पुढे बोलावलं आणि हात दाखवायला सांगितले. आधी पालथे, मग उताणे. हे आरोहीने सांगितलं तेव्हा मी तिला थांबवून पुन्हा विचारलं, ती म्हणाली, "हो आजी, अगदी तसंच."

नवांपैकी चौघींच्या बोटांना पुरळ होतं. एकीचं अंगठ्याचं नख सुटलं होतं. कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकीच्या शिबिरातल्या कागदावर लिहिलं होतं: घरकाम.

"आणि ही कोण?" मॅडमनी आरोहीकडे बघून विचारलं.

"ही उद्यापासून जॉइन होतेय," मनीष म्हणाला. "ह्यांचीच मुलगी."

"न्हाई हुत," उज्वला म्हणाली. "मी तिला खुर्ची दावाया आनली हुती. तिनं बगितली. चल ग."

त्यानंतर काय झालं तेही नोंदलेलं आहे. दिव्याची झडप पुन्हा बसली. निळ्या मोज्यांचे खोके आले आणि ते मोजणं थांबलं. थिनरचा डबा रांगेवरून गेला. माझा मराठी कागद बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत लागला, त्याच्या खाली उज्वलाने आरोहीकडून एक ओळ लिहून घेतली: "फाटलं नसलं तरी टाकायचं." उज्वलाला खोकी बांधायच्या खोलीत बसवलं, गमापासून लांब. मालकांनी तिला बोलावून सांगितलं की घरची गोष्ट बाहेरच्यांसमोर काढायला नको होती. घरची गोष्ट. जिचे हात गेले तिचं घर चढावर आहे, त्यांच्या शेडमध्ये नाही.

शिबिराचा कागद मात्र अजून बदललेला नाही. त्वचेच्या डॉक्टरांचा अहवाल जोडून मी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं की नोंद एकदा झाली की ती तशीच राहते. हे मला सांगतात. मी अठ्ठावन्न वर्षं रोजनिशी लिहिते आहे. चुकलेली नोंद खोडायची नसते हे खरं. पण तिच्याखाली तारीख घालून खरं लिहायचं असतं. पिठीच्या नोंदीखाली मी लिहिलं आहे. तिसरं पत्र काल पोस्टात टाकलं.

उज्वलाच्या भेगा भरल्या आहेत, पण गरम पिठात हात घातला की अजून टोकं पोळतात. म्हणून भाकऱ्या थापायला आता आरोही येते आणि उज्वला शेजारी उभी राहून चुका काढते. दाढ भरायला गेलीस तर आधी डॉक्टरांना सांग, दातांत भरतात तो निळ्या उजेडाने घट्ट होणारा मसाला त्याच जातीचा असतो, असं मी उज्वलाला दोनदा बजावलं आहे. कागदावर लिहून तिच्या पाकिटातही ठेवलं आहे, मराठीत आणि इंग्रजीत.

आज सकाळी आरोही आल्यावर मी तिला म्हटलं, "हात बघू."

"रोज काय बघताय आजी?" असं म्हणत तिने पिठाचे हात पुढे केले, आधी पालथे, मग उताणे.

"बगू दी ग," मागून उज्वला म्हणाली. "त्यांना वहीत लिवायचं असतंय."